गिटारचा पिकअप निवडताना: आधी तक्रार, मग खरेदी

‘काकू, कुठला पिकअप टाकू?’ असं कोणी विचारलं की मी लगेच नाव सांगत नाही. (पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला, आवाज उचलणारा भाग.) सध्याच्या आवाजात नेमकं काय खुपतंय ते एका वाक्यात सांग, असं म्हणते. बहुतेकांची गाडी इथेच अडते. ‘आवाज भारी नाही’, ‘दम नाही’, गुजराती मुलं असतील तर ‘बेन, मजा नथी आवती’. यावरून पिकअप निवडता येत नाही. ‘मागच्या पिकअपवर कान टोचतो’, ‘पुढच्या पिकअपवर जाड तारा गढूळ होतात’, ‘स्टेजवरचे दिवे लागले की घूं सुरू होतं’ अशी तक्रार हाती आली की निम्मं काम झालं. मग त्या तक्रारीचं मूळ पिकअपमध्ये आहे की आणखी कुठे, हे तपासायचं आणि त्यानंतरच पैसे काढायचे.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात काम करते आणि संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी गिटारी दुरुस्त करते. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात आणि गरब्यात वर्षानुवर्षं ऱ्हिदम वाजवली आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. दिवसभर कारखान्यात जे करते त्याचंच हे अगदी नाजूक रूप. त्यामुळे ‘क्रीमी’, ‘व्हिंटेज’, ‘ॲग्रेसिव्ह’ या जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा तारेची जाडी, फेरे आणि चुंबक यांकडे माझं लक्ष आधी जातं. नवरात्रीच्या आधी इथली मुलं घाईघाईने महागडे पिकअप मागवतात, आणि त्यातल्या पुष्कळांना त्याची गरज नसते. ते पैसे वाचावेत, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांचे नेमक्या ठिकाणी लागावेत, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

आधी तारा आणि उंची

तारा जुन्या असतील तर त्या बदलून मगच आवाजावर मत बनवा. गरब्याच्या एका रात्रीत घामाने तारा काळ्या पडतात. पिकअप तारेच्या हालचालीचं विजेत रूपांतर करतो. जे तारेतच उरलेलं नाही ते तो आणणार कुठून?

मग पिकअपची उंची. यावर मी थोडी जास्तच बोलणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी एका स्क्रूड्रायव्हरने मिटतात. पिकअपच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो, तो फिरवला की ते टोक वर किंवा खाली जातं. माप घेताना तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पोलच्या, म्हणजे पिकअपवर तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकाच्या, माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघायचं. त्यासाठी स्टीलची पट्टी किंवा एलन की घेऊ नका. चुंबक ती ओढून घेतो आणि माप बिघडतं. मी मुदत संपलेली बँकेची कार्डं वापरते. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. उठावदार आकडे नसलेली दोन कार्डं एकावर एक ठेवली की दीड मिलिमीटर होतात, तीन ठेवली की जवळजवळ २.३.

स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारच्या पद्धतीचा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, असेल तर सगळ्यात जाड तारेखाली तीन कार्डं, सगळ्यात बारीक तारेखाली थोडं कमी, साधारण २ मिलिमीटर. हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, असेल तर ब्रिजजवळ (मागच्याला) दोन कार्डं आणि नेकजवळ (पुढच्याला) तीन. इथून पुढे कानाने जायचं. स्क्रू पाव फेरा फिरवा, वाजवा, ऐका, पुन्हा पाव फेरा. नेकचा पिकअप जरा खाली नेला की गढूळपणा निवळतो, ब्रिजचा जरा वर आणला की तो भरदार होतो, आणि दोघांचा आवाज सारखा होईपर्यंत हे चालू ठेवायचं.

सिंगल कॉइलचे पोल म्हणजे बहुधा चुंबकच असतात. ते तारेच्या फार जवळ आले की तारेला ओढतात. बाराव्या फ्रेटच्या पुढे जाड तारा बेसूर लागतात, एकाच सुरात दोन सूर डुलल्यासारखे ऐकू येतात. अशा वेळी लोक इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) बिघडलं म्हणून ब्रिजशी खेळत बसतात. आधी पिकअप खाली करून बघा.

घूं कुठून येतं

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरमधून, वायरिंगमधून त्याच गतीने बदलणारं चुंबकीय क्षेत्र पसरत असतं आणि पिकअपची कॉइल ते इमानेइतबारे उचलते. सिंगल कॉइलचा हा स्वभावच आहे. गिब्सन कंपनीचे इंजिनिअर सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली: दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीतले चुंबकाचे ध्रुव उलटे, गुंडाळणीही उलटी. तारेचा आवाज दोन्हींमध्ये एकाच दिशेने येतो आणि मिळून वाढतो; बाहेरचं घूं एकमेकांच्या विरुद्ध येतं आणि खोडलं जातं. त्यांनी १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ मध्ये गिटारींवर हा पिकअप आला आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असे, म्हणून त्यांना आजही पीएएफ म्हणतात. आज बाजारात ‘पीएएफ टाइप’ लिहिलेलं दिसतं ते या मध्यम गुंडाळणीच्या हंबकरला धरून.

तुमच्या गिटारमधलं घूं कुठल्या जातीचं आहे हे ओळखायला सोपं आहे. गिटार गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं वाढतं आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीसं होतं, तर ते चुंबकीय आहे. तीन सिंगल कॉइलच्या गिटारवर स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी नेल्यावर घूं कमी झालं तर तेच निदान पक्कं होतं, कारण बऱ्याच गिटारींमध्ये मधला पिकअप उलट्या गुंडाळणीचा आणि उलट्या ध्रुवाचा असतो. असं असेल तर पिकअप बदलून खरोखर फरक पडेल.

आवाज घूं असा गोल नसून ‘झर्रर्र’ असा खरखरीत असेल, तारांना हात लावला की कमी होत असेल, तर पिकअप बदलायची घाई नको. गरब्याच्या मैदानावरचे डिमर, एलईडीच्या भिंती आणि त्यांचे पॉवर सप्लाय असला आवाज देतात. पिकगार्डच्या मागे आणि लाकडातल्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी नीट लावून ती अर्थला जोडली की हा आवाज बराच उतरतो. पण तांब्याची पट्टी ५० हर्ट्झचं चुंबकीय घूं थांबवत नाही. ते थांबवायला दोन कॉइलच लागतात. दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि औषधंही वेगळी.

सिंगल कॉइलच्या खाचेत बसणारे घूं-विरहित पिकअप दोन तऱ्हांचे मिळतात. एकात दोन कॉइल एकावर एक रचलेल्या असतात. त्याचा आवाज मूळ सिंगल कॉइलच्या जवळ राहतो, टीपेची चमक थोडी कमी होते. दुसऱ्यात दोन बारीक कॉइल शेजारी शेजारी असतात आणि सुट्या पोलऐवजी बहुधा लांब पात्या दिसतात; तो हंबकरसारखा जाड वाजतो. नुसतं घूं नको असेल तर पहिला घ्या. आवाजही भरदार हवा असेल तर दुसरा.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. तारांवर हात असताना माइकला ओठ लागले आणि झटका बसला, तर गिटार बाजूला ठेवा आणि मंडपाच्या इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला लावा. ते नीट होईपर्यंत वाजवू नका. भिजलेल्या मैदानावर, जनरेटरच्या विजेवर, हे जिवावर बेततं.

आकड्यांत काय बघायचं

पिकअपच्या पाकिटावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो रेझिस्टन्सचा, किलोओहममध्ये. ढोबळमानाने जुन्या वळणाचा स्ट्रॅट सिंगल कॉइल साडेपाच ते साडेसहा, पीएएफ टाइप हंबकर सात ते साडेआठ, आणि जोरकस हंबकर तेरा ते सतरा. आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा, असं समजून लोक खरेदी करतात. ते अर्धंच खरं आहे.

तार बारीक घेतली की तेवढ्याच फेऱ्यांत रेझिस्टन्स वाढतो. पिकअपसाठी नेहमी वापरतात ती ४२ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) तार साधारण ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे केसाएवढी. ४३ नंबरची तार त्याहून बारीक, तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच लांबीला सुमारे चौथाईने जास्त. म्हणजे दोन पिकअपची तुलना करताना तार एकच असेल तरच हा आकडा उपयोगाचा. शिवाय तो तापमानाबरोबर हलतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कारखान्यात वाइंडिंगचा रेझिस्टन्स तापमानासोबतच लिहितात आणि ७५ अंशांवर आणून मगच ताडून बघतात. पिकअपलाही हाच नियम. २० अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप बडोद्याच्या मे महिन्यात, ४२ अंशांना, ८.७ च्या आसपास दाखवेल. वस्तू तीच, आवाज तोच.

तुमच्या गिटारचा आकडा बघायला ती उघडावी लागत नाही. केबल जॅकमध्ये घाला, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, एकच पिकअप निवडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर, टोकाला एक आणि दांड्याला एक, मल्टिमीटरच्या पिना लावा. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रेझिस्टर) समांतर असल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो. ८ चा पिकअप ७.७ किंवा ७.८ दाखवतो. आणि आठ-दहाच्या जागी अडीचशे किंवा पाचशेच्या आसपास काही दिसलं, तर पिकअपची तार किंवा त्याची जोडणी तुटली आहे आणि तुम्ही नुसता पॉट मोजताय. स्ट्रॅट पद्धतीच्या जुन्या पिकअपमध्ये हे पुष्कळदा होतं. तिथे तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. नऊ रात्रींचा घाम पोलवरून आत झिरपतो, चुंबक गंजतो आणि गंज तार खातो. वाजवून झाल्यावर तारांबरोबर पोलही कोरड्या फडक्याने पुसावेत, ते यासाठी.

आवाजाचा रंग खरा कळतो तो इंडक्टन्सवरून, म्हणजे कॉइल बदलत्या विजेला किती अडवते त्यावरून. चांगले बनवणारे हा आकडा हेन्रीमध्ये देतात. स्ट्रॅट वळणाला साधारण २ ते २.५ हेन्री, पीएएफ वळणाला ४ ते ४.५, जोरकस हंबकरला ७ ते ८. पिकअप, त्याच्या पुढची केबल आणि पॉट मिळून एका ठरावीक जागी आवाजाला उठाव देतात आणि त्या जागेच्या वरचं सगळं गाळून टाकतात. इंडक्टन्स वाढला की ही जागा खाली सरकते. केबल लांब झाली की तेच होतं, कारण केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असते. ६ मीटर केबल धरून हिशेब केला, तर २.४ हेन्रीच्या सिंगल कॉइलचा उठाव ३९०० हर्ट्झच्या आसपास येतो, ४.४ हेन्रीच्या हंबकरचा २९०० च्या आणि ८ हेन्रीवाल्याचा २१०० च्या. त्याच सिंगल कॉइलला ३ मीटरची केबल लावली की उठाव थेट ५१०० वर जातो. म्हणजे एका केबलने पिकअप बदलल्याएवढा फरक पडतो. आवाज दबलेला वाटत असेल तर आधी कोणाची तरी छोटी केबल उसनी आणून लावून बघा. आणि उलट, वायरलेस घेतल्यापासून आवाज टोचायला लागला असेल, तर केबलची कपॅसिटन्स निघून गेली हे त्याचं कारण आहे. टोनचा पॉट थोडा बंद करा.

पॉटही याच कुटुंबातले. सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हंबकरला ५०० किलोओहम अशी रीत आहे. पॉट लहान घेतला की उठाव बसका होतो आणि आवाज मऊ लागतो. हंबकर बसवलेल्या गिटारमध्ये कोणी २५० चे पॉट टाकले असतील तर ‘गढूळ’ ही तक्रार पिकअपची नसून पॉटची असू शकते. पॉट पिकअपच्या मानाने फारच स्वस्त. ते आधी बदला.

चुंबकाबद्दल थोडक्यात. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको ५ जोरकस, त्याचा खर्ज घट्ट आणि टीप स्वच्छ. अल्निको २ कमी ताकदीचा, त्यामुळे सुरुवातीचा ठोका जरा मऊ. सिरॅमिक स्वस्तही असतो आणि ताकदवानही. सिरॅमिक म्हणजे हलका माल, हे म्हणणं मला पटत नाही. नावाजलेले कितीतरी जोरकस हंबकर सिरॅमिकचेच आहेत. स्वस्त सिंगल कॉइलमध्ये मात्र पोल साध्या लोखंडाचे असतात आणि खाली एक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. लोखंडामुळे इंडक्टन्स वाढतो आणि सिंगल कॉइलची चमक जाते. पिकअप उलटा करून बघा: पट्टी दिसली तर हा प्रकार, सहा गोल टोकं नुसती दिसली तर चुंबकच पोल आहेत. पट्टीवाला काढून अल्निकोचे पोल असलेला टाकला, तर फरक कोणालाही ऐकू येईल. सुरुवातीच्या गिटारींसाठी सगळ्यात समाधान देणारा बदल मी हाच मानते.

तक्रारीवरून पिकअपकडे

इथल्या वाडी भागातला एक मुलगा यामाहा पॅसिफिका ०१२ घेऊन आला होता. त्यातले तिन्ही पिकअप सिरॅमिक चुंबकाचे, ब्रिजला हंबकर. गरब्यात गिटार ऐकूच येत नाही, म्हणून बाजारातला सगळ्यात जास्त आउटपुटचा हंबकर हवा, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. त्याचा सेट माझ्या खोलीत लावला. ब्रिजचा हंबकर तारांना जवळजवळ टेकलेला. ६ मीटरची केबल, तिला जोडून आणखी एक. पुढे प्रोसेसर, त्याचा इनपुटचा लाल दिवा प्रत्येक ठोक्याला पेटणारा, आणि वर भरपूर डिस्टॉर्शन. हींच या गरब्याच्या ठेक्यात गिटारचं काम असतं कॉर्डच्या छोट्या, तुटक ठोक्यांचं. ढोलाने खर्ज व्यापलेला असतो, कीबोर्डने मधला पट्टा. या मुलाची गिटार नेमकी त्याच मधल्या पट्ट्यात, तीही सपाट होऊन, शिरत होती. आणखी जोरकस पिकअपने इंडक्टन्स वाढला असता, उठाव आणखी खाली आला असता आणि गिटार कीबोर्डच्या आणखी आत बुडाली असती.

आम्ही हंबकर दोन कार्डांवर आणला, ३ मीटरची एकच केबल लावली, प्रोसेसरचा इनपुट लाल दिवा विझेपर्यंत उतरवला, डिस्टॉर्शन निम्म्यावर नेलं. गिटार तिथल्या तिथे पुढे आली. उरला तो थोडा जाडपणा. ठोक्याला धार नव्हती. त्यासाठी आठच्या आसपासचा, अल्निको ५ चा, पीएएफ वळणाचा हंबकर निवडला. त्याने मागितला होता त्याच्या साधारण निम्म्या आकड्याचा. कॉर्डमधले सूर सुटे सुटे ऐकू यायला लागले तेव्हा मुलाने वाजवणं थांबवून फक्त पिकअपकडे बघितलं.

यावरून गर्दीच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांना मी ठामपणे सांगते: मध्यम गुंडाळणीचा पिकअप घ्या. आवाजाची पातळी मिक्सरवर वाढवता येते, सुरांमधला सुटेपणा नंतर कुठेही वाढवता येत नाही. जोरकस हंबकरची जागा आहे, पण ती एकट्या गिटारवर उभ्या असलेल्या जड रॉक-मेटल वादनात, जिथे अँपच्या पुढच्या टप्प्याला ढकलून हवं ते डिस्टॉर्शन काढायचं असतं.

तक्रार ‘ब्रिजचा सिंगल कॉइल टोचतो’ अशी असेल, तर ब्रिजपुरता थोडा जास्त गुंडाळलेला सिंगल कॉइल पुरतो. पाकिटावर ‘ब्रिज’ असं वेगळं लिहिलेलं असतं ते याचसाठी. त्याआधी त्या पिकअपला टोनचा पॉट जोडलेला आहे का ते बघा. स्ट्रॅटच्या जुन्या वायरिंगमध्ये ब्रिजला टोन नसतोच. एक वायर जोडली की तो मिळतो.

‘नेकचा हंबकर गढूळ’ असेल तर कमी गुंडाळलेला, सातच्या आसपासचा बघा. ‘डिस्टॉर्शन लावलं की शिट्टी वाजते’ अशी तक्रार असेल आणि पिकअपवर नखाने टकटक केल्यावर ती स्पीकरमधून मोठ्याने येत असेल, तर कॉइलचे फेरे आत सैल आहेत. मेणात बुडवून काढलेला पिकअप घ्या. घरी मेण तापवून बुडवायचा प्रयोग काहीजण करतात. मेण थोडं जास्त तापलं तरी प्लॅस्टिकची बॉबिन वाकते आणि उघड्या आचेवर मेण पेट घेतं. तो करू नये.

बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप ही वेगळी वाट आहे. ईएमजीचे प्रसिद्ध. ९ व्होल्टची बॅटरी, २५ किलोओहमचे पॉट, लांब केबलने फरक न पडणारा स्वच्छ, दाबलेला आवाज आणि घूं जवळजवळ शून्य. पण पॉट, जॅक सगळंच बदलावं लागतं, बॅटरीला जागा लागते, आणि केबल लावून ठेवली की बॅटरी उतरत राहते. जुन्या पॅसिव्ह पिकअपबरोबर ते नीट जुळत नाहीत. घ्यायचे तर पूर्ण संच घ्या.

मापं घेतल्याशिवाय ऑर्डर नको

हंबकर दोन रुंदींचे येतात. पहिल्या ते सहाव्या पोलच्या मध्यापर्यंत मोजलं तर एकाचं अंतर ४९-५० मिलिमीटर, दुसऱ्याचं ५२-५३. स्ट्रॅट पद्धतीच्या ब्रिजला दुसरा. तुमच्या गिटारवर ब्रिजच्या पिकअपच्या बरोबर वर, जाड तारेच्या मध्यापासून बारीक तारेच्या मध्यापर्यंत मोजा आणि जवळचं घ्या. एखाद-दीड मिलिमीटरचा फरक डोळ्याला खुपतो, कानाला जवळजवळ कळत नाही. नेकला बहुतेक वेळा अरुंदच चालतो.

पिकगार्ड काढून खाली लाकूड कसं कोरलं आहे ते बघा. सिंगल कॉइलच्या जागी पूर्ण मापाचा हंबकर टाकायचा तर लाकडातही जागा हवी आणि पिकगार्डही कापायला हवं. लाकूड कोरायचं नसेल तर सिंगल कॉइलच्या मापाचा पात्यांचा हंबकर घ्या. खोलीही मोजा. पातळ बॉडीच्या गिटारमध्ये लांब पायांचा हंबकर तळाला टेकतो आणि उंची जुळवता येत नाही.

वापरलेला घ्यायचा असेल तर मल्टिमीटर घेऊन जा. नावाजलेल्या मॉडेलचा रेझिस्टन्स सगळ्यांना माहीत असतो. त्यापासून फार लांबचा आकडा आला तर तो नकली आहे किंवा कोणीतरी पुन्हा गुंडाळलेला आहे. आयात केलेल्या एका पिकअपची किंमत सुरुवातीच्या गिटारच्या निम्म्यापर्यंत सहज जाते, तेव्हा इतकी तपासणी विकणाऱ्यानेही मनावर घेऊ नये.

तुटलेला पिकअप इथे कोणाकडून गुंडाळून घेणार असाल तर तारेचा नंबर सांगताना सांभाळा. आपल्याकडे मोटार-पंपवाल्यांच्या तोंडी एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश माप, असतं. एसडब्ल्यूजीतली ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटर जाड असते. तिचे पिकअपवर लागणारे सात-आठ हजार फेरे बसणारच नाहीत. ४२ एडब्ल्यूजीच्या जवळची एसडब्ल्यूजीतली तार म्हणजे ४६. नंबर न बोलता मिलिमीटरमध्ये मागा.

बसवताना

उघडल्यावर पहिलं काम जुन्या जोडणीचा फोटो, दोन-तीन बाजूंनी. मग जुना पिकअप सोडवा. सोल्डर ६०/४० चं, फ्लक्स आत असलेलं. पॉटच्या पाठीवर सोल्डर मारायला २५ वॉटचं आयर्न कमी पडतं. पाठ उष्णता पिऊन टाकते आणि तुम्ही इतका वेळ टेकवून बसता की पॉट आतून जळतो. ४० ते ६० वॉटचं घ्या, पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, आणि झटकन उरका.

चार वायरींच्या हंबकरचे रंग कंपनीगणिक वेगळे. सेमूर डंकनचा असेल तर काळी स्विचकडे, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून वर टेप, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओचा असेल तर लाल स्विचकडे, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा असेल तर तिचाच कागद बघा.

नवा पिकअप जुन्यांबरोबर एका दिशेने काम करतो का, हे तारा चढवण्याआधी बघून घ्या. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून पिकअपच्या दोन टोकांना लावा. लाल पिन स्विचकडे जाणाऱ्या वायरला, काळी अर्थला. जाड स्क्रूड्रायव्हरचं पातं पोलांवर आडवं टेकवा आणि झटक्यात उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडी मारेल किंवा खाली. जुन्या पिकअपवर हेच करा. दोन्हींची उडी एकाच दिशेला हवी. विरुद्ध असेल तर दोन पिकअप एकत्र वाजवताना आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येईल. नव्या पिकअपच्या दोन वायरी उलट जोडल्या की प्रश्न मिटतो. फक्त धातूचं झाकण किंवा बाहेरची जाळी त्यातल्या एका वायरला आतून जोडलेली असेल तर तसं करता येत नाही, आधी ती जोडणी सुटी करावी लागते.

तारा चढवण्याआधी केबल लावून अँप हळू उघडा, प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ‘टक’ येतो का ते ऐका, स्विचच्या सगळ्या जागा फिरवून बघा. मग तारा, मग पुन्हा कार्डं आणि उंची. नवा पिकअप जुन्याच उंचीवर ठेवून त्याच्याबद्दल मत बनवू नका. आणि घरात, कमी आवाजात, एकट्याने ऐकूनही नाही. रियाझाला सगळे जमतील तेव्हा ढोलाबरोबर वाजवा आणि कोणालातरी समोर, मैदानाच्या बाजूला उभं करून विचारा.

निघालेला पिकअप फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत चिठ्ठी ठेवा: कुठल्या गिटारचा, नेकचा की ब्रिजचा, किती किलोओहम, किती तापमानाला, कुठला रंग कुठे जोडला होता. गिटार पुढे विकायची झाली तर मूळ पिकअप परत बसवता येतो आणि नवा तुमच्याकडेच राहतो.